अंगणातली रेघ

‘चित्रकलेतले आपल्याला काही कळत नाही बुवा,’ असे मोठ्या समाधानाने सांगणारी माणसे आपल्याकडे घरोघरी आहेत. अशा एखाद्या गृहस्थाला दिवाळीच्या पहाटे अंगणात आणून उभे करावे. रांगोळी पुरी झालेली असते, पणत्या मांडणे चालू असते. गृहस्थ चहाचा पेला हातात घेऊन बाहेर येतात, क्षणभर पाहतात आणि म्हणतात, ‘सूनबाई, त्या उजव्या अंगाला जरा ओकेबोके वाटते. तिकडे एक पणती हवी.’ सूनबाई पणती ठेवतात आणि खरेच, सारे कसे जागच्या जागी बसते! चित्रकलेतले काही न कळणारे हे गृहस्थ संकल्पचित्रातल्या संतुलनाच्या तत्त्वावर अचूक अभिप्राय देऊन मोकळे झालेले असतात.

संतुलन, लय, पुनरावृत्ती, प्रमाण, विरोध, एकसंधता अशी या तत्त्वांची नावे आहेत. नावे भारदस्त असली, तरी त्यांमागची जाण आपल्या डोळ्यांत उपजतच असते. प्रश्न असा, की ती जाण वाढवायची कशी? पुस्तकातल्या व्याख्या पाठ करून, की आपल्या जिव्हाळ्याचे काहीतरी काढता काढता?

व्याकरण आधी की बोलणे?

मी मराठीचा अध्यापक. चित्रकला हा माझा विषय नव्हे. परंतु दापोलीसारख्या गावी महाविद्यालयाचे भित्तिपत्रक ज्याच्या गळ्यात पडते, त्याला लेख तपासून भागत नाही. कागदावर मजकूर कुठे, चित्र कुठे, मथळा केवढा, याचाही विचार करावा लागतो. त्या निमित्ताने दरवर्षी मुलामुलींचा एक घोळका माझ्याभोवती जमतो. त्यांतली बरीचशी शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षा दिलेली असतात. त्या परीक्षांत वस्तुचित्र, स्मरणचित्र यांच्या जोडीला संकल्पचित्राचाही पेपर असतो. शालान्त परीक्षेत या श्रेणीचे वाढीव गुण मिळतात, त्यामुळे पालकांचाही उत्साह दांडगा! मग काय होते? दोनचार ठरीव नक्षी घोटून घोटून पाठ केल्या जातात. चौकोन आला की ही नक्षी, वर्तुळ आले की ती. श्रेणी मिळते, गुण मिळतात आणि पुढे कॉलेजात तीच मुले म्हणतात, ‘सर, मला चित्र येत नाही.’

या घोटण्याला इतिहास आहे. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय १८५७ साली सुरू झाले. त्याच्या आदल्याच वर्षी ओवेन जोन्स या इंग्रज कलावंताचा एक जाडजूड ग्रंथ निघाला होता. त्यात देशोदेशींच्या नक्ष्यांचे रंगीत नमुने होते आणि त्याच्या नावाचा अर्थच मुळी ‘अलंकरणाचे व्याकरण’ असा होता. समोर ठेवलेला नमुना हुबेहूब उतरवणे याला त्या काळच्या इंग्लंडातल्या कलाशिक्षणात फार मान असे आणि तीच रीत आपल्याकडे आली. ती अगदीच निष्फळ होती असे मात्र म्हणवणार नाही. जॉन ग्रिफिथ्स यांनी जे. जे.च्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करवल्या, त्या कामात कितीएक हात तयार झाले. नकलेने हात वळतो, यात शंका नाही. परंतु डोळा आपला व्हायला दुसरे काहीतरी लागते.

भाषेचे पाहा ना! मूल आधी ‘आई, भूक लागली’ असे म्हणते. कर्ता कोण आणि क्रियापद कोणते, ते पुष्कळ मागाहून कळते. सांगण्याजोगे काही असते म्हणून भाषा येते आणि भाषा आलेली असते म्हणून व्याकरण पटते. चित्राच्या बाबतीत मात्र आपण मुलाच्या हाती आधी व्याकरण देतो आणि बोलण्याचे राहूनच जाते.

होडी एवढीशी का?

म्हणून भित्तिपत्रकाच्या मंडळींना मी नक्षी काढायला सांगत नाही. सांगतो, ‘तुमच्या घरातून रोज जे दिसते, ते काढा. रंग एकच, काळा.’

एका वर्षी हर्णै बंदराकडच्या एका मुलाने कागद आणून दिला. भला मोठा पांढरा कागद, खालच्या कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढी होडी आणि बाकी काही नाही. घोळक्यातल्या एका हुशार मुलीने लगेच दुरुस्ती सुचवली, ‘अरे, होडी मध्ये घे, मोठी काढ. एवढी जागा वाया घालवलीस!’ तिचे शाळेतले शिकणे बोलत होते. तो मुलगा हळूच म्हणाला, ‘बाबा मासेमारीला गेले की आमच्या दारातून होडी एवढीच दिसते. आई ती दिसेनाशी होईपर्यंत उभी असते.’

कोणी काही बोलले नाही. त्या मुलीनेच चित्र उचलले, भिंतीला लावले आणि लांब जाऊन पाहिले. मोकळी जागा वाया गेलेली नव्हती. समुद्र होता तो, आणि त्या बाईचे वाट पाहणेही होते. होडी मध्ये घेऊन मोठी केली असती, तर ती नुसतीच होडी झाली असती. मग मी त्यांना सांगितले, ‘याला प्रमाण म्हणतात आणि ही जी कोरी जागा आहे, तिला अवकाश म्हणतात.’ ही व्याख्या कोणालाही वहीत लिहून घ्यावी लागली नाही.

दुसरे उदाहरण लयीचे. आमच्या तालुक्यात आसूदला केशवराजाच्या देवळाकडे जाताना नारळी-पोफळींच्या दाट बागांतून वाट जाते. पोफळीचे सरळ खोड, मग थोडी जागा, मग पुन्हा खोड, अशी ती रांग पाहत चालले की पावले आपोआप ठेक्यात पडतात. एकच आकार ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा आला की लय निर्माण होते, हे तिथे कोणालाही उमगावे. पण ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले आणि आमच्या किनारपट्टीवरच्या कित्येक वाड्या एका दिवसात भुईसपाट झाल्या. पिढ्यांनी राखलेली झाडे आडवी झाली. पुढे काही वर्षांनी किनाऱ्यावरच्या एका गावच्या मुलीने ‘आमची वाडी’ या नावाचे चित्र दिले. त्यात डावीकडून उभ्या रेघा समान अंतराने येत होत्या. एक, दोन, तीन, चार. मग एकाएकी रेघा तिरप्या, एकमेकींवर पडलेल्या. आणि अगदी उजवीकडे चार बोटे उंचीची एकच नवी उभी रेघ. एकही पान काढलेले नव्हते, पण वाडी ओळखू येत होती आणि वादळही. लय कशाला म्हणतात, हे ती मोडते तेव्हाच नीट कळते. त्या मुलीला ते पुस्तकाने शिकवले नव्हते. तिने आपल्या वाडीची लय मोडताना पाहिली होती.

आपले नाव, आपली पत्रावळ

तिसरा प्रयोग मला मराठीचा अध्यापक म्हणून विशेष आवडतो. प्रत्येकाने आपले नाव लिहायचे, पण ते नाव आपल्यासारखे दिसले पाहिजे. आपली देवनागरी यासाठी मोठी सोयीची. वरची शिरोरेषा अक्षरांना धरून ठेवते. ‘ठ’ गोल गरगरीत, तर ‘र’ अगदी सडपातळ. म्हणजे तोल सांभाळणे आलेच. अक्षराच्या पोटातली आणि दोन अक्षरांमधली मोकळी जागा हीसुद्धा अक्षराइतकीच काळजीने सांभाळावी लागते. र. कृ. जोशी यांनी तर देवनागरी अक्षराच्या अभ्यासाला उभे आयुष्य वाहिले. संगणकावर घरोघरी वापरात आलेला ‘मंगल’ हा टंक त्यांच्याच हातचा. अशा थोर माणसाचे काम कशात असते, हे मुलाला स्वतःच्या नावाची तीन अक्षरे दहा वेळा लिहून पाहिल्यावर जेवढे कळते, तेवढे व्याख्यानाने कळत नाही.

हे काही माझे नवे शोध नव्हेत. जर्मनीत वायमार येथे १९१९ साली स्थापन झालेल्या बाउहाउस या संस्थेत योहानेस इटेन नवागतांना खरखरीत-मऊ, जड-हलके, उजळ-काळोखे असे विरोध स्वतः हाताळून शोधायला लावीत. आपल्याकडे वर्ध्याजवळ सेवाग्रामला, नई तालीमच्या शाळेत, शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद १९४४ पासून मुलांना चित्रकला शिकवीत असत. मुलाच्या रोजच्या जगण्यातूनच त्याचे चित्र उमलावे, हा त्यांचा आग्रह असे. वायमार कुठे आणि सेवाग्राम कुठे! परंतु शिकणाऱ्याच्या अनुभवाला हात घातल्यावाचून तत्त्व अंगी मुरत नाही, याविषयी दोघांचे एकमत दिसते.

आणि इतके लांब तरी कशाला जावे? आमच्या तालुक्यातले पालगड हे साने गुरुजींचे गाव. ‘श्यामची आई’मध्ये पत्रावळीची एक रात्र आहे. पत्रावळ लावण्याचा कंटाळा करणारा श्याम अखेर ती लावायला शिकतो, ही गोष्ट आपण सर्वांनी वाचली आहे. पत्रावळ म्हणजे तरी काय? मध्यभागी एक पान, त्याभोवती सारख्या अंतराने दुसरी पाने, एकावर एक किंचित चढवलेली. कुठे फट नको आणि कुठे नाहक जाडी नको. केंद्र, पुनरावृत्ती, संतुलन, एकसंधता, सारे त्यात आले. आणि चुकले तर परीक्षक गुण कापत नाही, आमटी सांडते! जेवायचे आपल्यालाच असते, म्हणून शिकणे मनापासून होते.

या सुटीत घरच्या घरी

वाचकहो, दिवाळीच्या सुटीत मुले घरी आहेत. त्यांच्यासाठी तीन सोपे खेळ सुचवतो. शहरातल्या दोन खोल्यांच्या घरातही ते होण्याजोगे आहेत.

पहिला खेळ रांगोळीचा. ठिपके नेहमीसारखेच घाला, पण पुस्तकातली आकृती नको. घरातली जेवढी माणसे, तेवढे आकार त्या ठिपक्यांत बसवा. आजोबा केवढे, बाळ केवढे, कोण कोणाजवळ, याचा निर्णय मुलांवर सोपवा. उत्तरे ऐकून वडीलधाऱ्यांची कधी करमणूक होईल, तर कधी डोळेही उघडतील.

दुसरा खेळ काळ्या कागदाचा. घरातली एक जुनी वस्तू निवडा. आजीचा अडकित्ता, रोवळी, देवघरातली घंटा, काहीही. तिचा नुसता बाह्याकार कात्रीने कापून पांढऱ्या कागदावर निरनिराळ्या जागी सरकवून पाहा. मध्ये ठेवली की वस्तू गप्प बसते, कडेला सरकवली की ती कुठेतरी निघाल्यासारखी वाटते. चिकटवण्याची घाई मात्र नको.

तिसरा खेळ जुन्या दिवाळी अंकांचा. माळ्यावरचा गठ्ठा खाली काढा. त्यात दीनानाथ दलालांचे एखादे मुखपृष्ठ निघाले तर भाग्यच. १९४५ साली त्यांनी ‘दीपावली’ वार्षिक सुरू केले आणि मराठी घरांना चित्र पाहण्याची गोडी लावली. डोळे अर्धवट मिटून ते मुखपृष्ठ पाहा. बारकावे पुसले जातात आणि गडद-फिक्याचे मोठे तुकडे तेवढे उरतात. चित्राचा तोल त्या तुकड्यांवर उभा असतो.

एक विनंती मात्र आहे. मुलाने काढलेले पाहताना ‘हे काय काढलेस?’ असे विचारू नका. ‘हे इथे का ठेवलेस?’ असे विचारा. पहिल्या प्रश्नाने मूल ओशाळते, दुसऱ्याने ते विचार करू लागते. त्याचे उत्तर आपल्या अपेक्षेपेक्षा निराळे निघाले, तर दुरुस्ती सुचवण्याआधी चार पावले मागे सरून पुन्हा एकदा पाहावे. वाढीव गुण मिळतील तेव्हा मिळोत. आपण जे पाहिले, जे सोसले, ज्यावर माया केली, ते आपल्याच रेघेत उतरवता येते हा विश्वास एकदा बसला, की ‘मला चित्र येत नाही’ हे वाक्य मुलाच्या तोंडून कायमचे जाते. दिवाळीची याहून चांगली ओवाळणी मला तरी सुचत नाही.