जुन्या सर्व्हरला अपडेट का मिळत नाही?

२०२४ सालच्या ३० जूनला, रविवारी, दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामाला होत्या. शहरातले अनेक रस्ते वाहनांना बंद होते आणि त्याची माहिती वर्तमानपत्रांनी नकाशासकट छापली होती. त्याच दिवशी आणखी एक रस्ता बंद झाला. त्याची बातमी मात्र फारशी कुणाच्या वाचनात आली नाही. ‘सेंटओएस ७’ नावाच्या ऑपरेटिंग सिस्टिमची मुदत त्या दिवशी संपली.

तुम्ही म्हणाल, हे नाव आम्ही कधी ऐकलेलं नाही. बरोबर आहे. आपल्या टेबलावरच्या संगणकात ती सहसा नसते. ती असते सर्व्हरमध्ये, म्हणजे जिन्याखाली किंवा कुलूपबंद खोलीत ठेवलेल्या, रात्रंदिवस चालू असणाऱ्या संगणकात. आपण दवाखान्यात केसपेपर काढतो, मुलाचा निकाल पाहतो, तेव्हा आपलं काम असं एखादं यंत्र करत असतं. रेड हॅट ही अमेरिकी कंपनी अशा यंत्रांसाठी एक ऑपरेटिंग सिस्टिम बनवते आणि तिच्या देखभालीचे पैसे घेते. तिचा मूळ मजकूर मात्र खुला असे. तो घेऊन काही स्वयंसेवकांनी २००४ मध्ये तशीच दुसरी बांधली आणि फुकट वाटायला सुरुवात केली. तीच सेंटओएस. ज्यांच्याकडे पैसे कमी आणि काम जास्त, अशा संस्थांमध्ये ती भराभर पसरली. सातवी आवृत्ती आली जुलै २०१४ मध्ये, दहा वर्षं सांभाळण्याचं आश्वासन घेऊन. ते आश्वासन पुरेपूर पाळलं गेलं. आठव्या आवृत्तीचं नशीब तेवढं चांगलं नव्हतं. ती २०२९ पर्यंत चालेल अशी लोकांची समजूत होती आणि डिसेंबर २०२०मध्ये जाहीर झालं की पुढच्याच वर्षाअखेर ती बंद होणार. त्यावर जगभर बरीच आरडाओरड झाली, पण तो वेगळा विषय.

मी लहानसहान संस्थांच्या सर्व्हरची देखभाल करतो. पालख्या पुढे गेल्या आणि दोन-तीन दिवसांत पेठेतल्या एका धर्मादाय दवाखान्यातून फोन आला. तिथलं कार्यालय सांभाळणाऱ्या ताई म्हणाल्या, “काका, सर्व्हर म्हणतोय की पत्ताच सापडत नाही. इंटरनेटवाल्याला बोलावू का?” मी म्हटलं, “थांबा. आधी त्याच यंत्रावरून दुसरं एखादं ठिकाण उघडतंय का ते बघा.” ते उघडत होतं. म्हणजे इंटरनेटवाला निर्दोष होता.

आता हा पत्ता कसला, ते सांगतो. सेंटओएसमध्ये प्रत्येक कार्यक्रम एका गाठोड्यात बांधलेला असतो. त्याला पॅकेज म्हणतात. एखाद्या कार्यक्रमात दोष सापडला की दुरुस्त केलेलं नवं पॅकेज तयार होतं आणि ते भांडारात ठेवलं जातं. सर्व्हरवर एक आज्ञा दिली की तो भांडारात जाऊन नवी गाठोडी घेऊन येतो. या आज्ञेचं नाव आहे ‘यम’. हसू नका. ‘येलोडॉग अपडेटर मॉडिफाइड’ या इंग्रजी नावाची ती आद्याक्षरं आहेत, आणि ठेवणाऱ्यांना आपला रेड्यावरचा यम ठाऊक नसणार.

सगळ्या जगाने एकाच भांडाराच्या दारात गर्दी करू नये म्हणून त्याच्या हुबेहूब प्रती ठिकठिकाणी ठेवतात. त्यांना मिरर, म्हणजे आरसे म्हणतात. कानपूरच्या आयआयटीने असा आरसा ठेवला होता. ही पद्धत फक्त संगणकवाल्यांची नाही. पुण्याच्या ‘आयुका’नेही फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या ‘व्हिझिएर’ या खगोलीय सूचींच्या संग्रहाचा आरसा इथे ठेवला, तो याच कारणासाठी.

मग आपल्या सर्व्हरने कोणत्या आरशाकडे जायचं? स्वारगेटच्या एसटी स्थानकावर आपण चौकशीच्या खिडकीत विचारतो, सातारा गाडी कुठल्या फलाटावर? तशी इथेही एक खिडकी होती. तिचं नाव ‘मिररलिस्ट’. ‘यम’ आधी तिथे विचारायचा आणि ती त्याला जवळच्या आरशाचा पत्ता द्यायची. सातव्या आवृत्तीची मुदत संपल्यावर ही खिडकीच काढून टाकली गेली. नुसती बंद केली नाही, तिच्या नावाची पाटीसुद्धा उतरवली. म्हणून सर्व्हर म्हणू लागला, ‘कुड नॉट रिझॉल्व्ह होस्ट’. या नावाचं कुणी सापडत नाही, असं तो सांगत होता. त्यात खोटं काहीच नव्हतं, पण ऐकणाऱ्याला वाटलं की आपली तार तुटली.

सहाव्या आवृत्तीच्या वेळी याहून गंमत झाली होती. तिची मुदत ३० नोव्हेंबर २०२० ला संपली. तेव्हा खिडकी शाबूत होती, पण सहाचं नाव काढलं की उत्तर यायचं की ही आवृत्ती अवैध आहे. ‘यम’ला पत्त्याऐवजी हे वाक्य मिळायचं. मग तेच वाक्य पत्ता समजून तो तक्रार करायचा की हे सगळे पत्ते चुकीच्या धाटणीचे आहेत. एवढं इंग्रजी वाचून माणूस यंत्र पुसून नवं बसवायच्या विचाराला लागतो.

म्हणून माझं सांगणं असतं की एररचं शेवटचं ओरडणं सोडा, पहिली ओळ वाचा. नाव सापडत नाही, की नाव सापडतंय पण दार उघडत नाही, की दार उघडलं पण सही पटत नाही? तिन्हींची औषधं निरनिराळी.

दार न उघडण्याचं एक कारण कुणाच्या डोक्यातही येत नाही. ते म्हणजे घड्याळ. यंत्राच्या पोटात नाण्याएवढा सेल असतो. तो संपला आणि वीज गेली की यंत्र जागं होतं ते भलत्याच सालात. सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रं अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत चालतात. सर्व्हरला वाटतंय आज २०१० साल आहे, तर २०२४ चं प्रमाणपत्र त्याच्या लेखी अजून सुरूच झालेलं नसतं. एरर मात्र प्रमाणपत्राच्या नावाने येते. तारीख दुरुस्त करा, सेल बदला, संपलं. याची उलट बाजूही आहे. ३० सप्टेंबर २०२१ ला ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या संस्थेची प्रमाणपत्रं ज्यावर टेकली होती ते एक जुनं मूळ प्रमाणपत्र संपलं. ज्या यंत्रांची विश्वासू प्रमाणपत्रांची यादी जुनाट होती, त्यांनी चांगल्या चांगल्या संकेतस्थळांना दारातूनच परत पाठवलं. डिस्क भरलेली असणं हेही नेहमीचं कारण. तेही बघून घ्यावं.

दवाखान्याच्या यंत्रात घड्याळ ठीक होतं आणि जागा भरपूर होती. राहिला पत्ता. सेंटओएसच्या लोकांनी जुना माल फेकून दिलेला नाही, तो ‘व्हॉल्ट’ नावाच्या गोदामात हलवला. भांडाराचा पत्ता सर्व्हरवर एका साध्या मजकुराच्या फायलीत लिहिलेला असतो. त्या फायलीची आधी प्रत काढून ठेवायची. ‘मिररलिस्ट’ने सुरू होणाऱ्या ओळींपुढे हॅशचं चिन्ह टाकून त्या निजवायच्या. ‘बेसयूआरएल’च्या ओळी निजलेल्या असतात, त्यांचं चिन्ह काढून त्या जाग्या करायच्या, आणि त्यातल्या पत्त्यात सुरुवातीच्या ‘मिरर’च्या जागी ‘व्हॉल्ट’ लिहायचं. ‘यम’ला जुनी स्मृती पुसायला सांगायचं आणि पुन्हा आज्ञा द्यायची. पंधरा मिनिटांचं काम. अडलेली सगळी गाठोडी त्या दुपारी उतरली.

या टप्प्यावर एक सल्ला फार प्रेमाने दिला जातो की ‘सही तपासणी बंद करून टाका, लगेच चालेल.’ प्रत्येक पॅकेजवर बनवणाऱ्याची संगणकी सही असते आणि ती तपासल्याशिवाय ‘यम’ ते आत घेत नाही. ही तपासणी एका शब्दाने बंद करता येते. कृपा करून करू नका. जून २०१७ मध्ये युक्रेनमधल्या ‘एम. ई. डॉक’ या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा अपडेट देणारा सर्व्हर हल्लेखोरांनी ताब्यात घेतला आणि अपडेटच्या वेशात ‘नॉटपेट्या’ नावाचं विष धाडलं. ते मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या जाळ्यात शिरलं आणि आपल्या उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. युक्रेनमधला हिशेबनीस अपडेट घेतो आणि उरणच्या रस्त्यावर कंटेनरचे ट्रक खोळंबतात! अपडेट कुठून येतो आणि कुणाच्या सहीने येतो, हा कारकुनी प्रश्न नाही. शिवाय गोदामातल्या मालावर जुन्याच सह्या शाबूत आहेत, त्यामुळे तपासणी बंद करण्याची गरजही नसते.

ताई खूश झाल्या. पडद्यावर आलं होतं की अपडेट करण्यासारखं आता काही शिल्लक नाही. मला काळजी वाटते ती याच वाक्याची. त्या गोदामात ३० जून २०२४ नंतर नवं काही आलेलं नाही आणि येणारही नाही. सर्व्हर दर आठवड्याला तिथे जाईल, रिकाम्या हाताने परतेल आणि सगळं ठीक आहे म्हणून सांगेल. आधी निदान एरर तरी येत होती.

गंमत बघा, मुदत संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी, १ जुलैला, क्वालिस कंपनीच्या संशोधकांनी दूरवरून सर्व्हरमध्ये शिरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘ओपनएसएसएच’ या कार्यक्रमातला गंभीर दोष जाहीर केला. सेंटओएस ७ त्यातून सुटली, कारण तिच्यातली प्रत इतकी जुनी होती की तो दोष तिच्यात शिरलाच नव्हता. हे नशीब झालं. बरोबर वर्षाने, ३० जून २०२५ ला, ‘सुडो’ या कार्यक्रमातला दोष उघड झाला. तो बारा वर्षं दडून होता आणि सातमधल्या प्रतीपर्यंत पोचत होता. तो विशिष्ट मांडणीतच घातक ठरतो हे खरं, पण सेंटओएसवाल्यांसाठी त्याची दुरुस्ती कोण करणार?

मग लोक नवी सिस्टिम घेत का नाहीत? आळस, असं बाहेरून वाटतं. मला तसं दिसत नाही. या दवाखान्याची केसपेपरची प्रणाली कुणा होतकरू मुलाने ‘पीएचपी’ या भाषेच्या ५.४ आवृत्तीत लिहून दिली होती, कारण सेंटओएस ७ बरोबर तीच मिळते. डेटाबेसशी बोलण्याच्या ज्या आज्ञा त्याने वापरल्या, त्या २०१५ साली आलेल्या पीएचपी ७ मधून काढून टाकल्या गेल्या. नव्या सिस्टिमवर ती प्रणाली उघडतच नाही. आणि तो मुलगा आता परदेशी असतो. हजारो रुग्णांची नोंद, कुणाला कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे, कुणाची साखर कधीपासून वाढली, सगळं त्या एका यंत्रात अडकलेलं. ते उघडं ठेवणं धोक्याचं, आणि बंद करावं तर सकाळी रांगेत बसलेल्या म्हातारीला डॉक्टर सगळं पहिल्यापासून विचारणार.

आम्ही मधला मार्ग काढला. त्याच दिवशी सर्व्हरची इंटरनेटची तार काढली, तो फक्त दवाखान्याच्या आतल्या संगणकांशी बोलेल असं केलं. सगळ्या नोंदींची प्रत काढली आणि ती दुसऱ्या यंत्रावर खरोखर उघडते का हे तपासलं. हे दुसरं काम बहुतेक ठिकाणी राहूनच जातं. नवी सिस्टिम म्हणून ‘अल्मालिनक्स’ घेतली. सेंटओएसची जागा भरायला २०२१ मध्ये ती आणि ‘रॉकी लिनक्स’ अशा दोन पुढे आल्या, दोन्ही फुकट. अल्माची नववी आवृत्ती २०३२ पर्यंत सांभाळली जाणार आहे. मात्र फार जुन्या प्रोसेसरवर ती चालत नाही, तेव्हा यंत्र आधी तपासावं. केसपेपरच्या प्रणालीतल्या त्या आज्ञा बदलून द्यायला शेवटच्या वर्षाची दोन मुलं मिळाली. त्यांना दिवाळीपर्यंतचा वेळ लागला.

तोवर रोज संध्याकाळी ताई नोंदींची प्रत एका डिस्कवर काढून कपाटात ठेवायच्या आणि वहीत तारीख टाकून सही करायच्या. नवा सर्व्हर सुरू झाला, तरी ती वही त्यांनी चालू ठेवली आहे. तिच्या पहिल्या पानावर मी एक तारीख लिहायला सांगितली: ३१ मे २०३२, अल्माच्या नवव्या आवृत्तीची मुदत. त्याखाली त्यांनी स्वतःच लिहिलं, ‘आधी दोन वर्षं विचारणे.’