डोर्णकलचे पहिले बिशप

अँग्लिकन चर्चमध्ये बिशप होण्याची वाट ठरलेली आहे. आधी डीकन, मग पाळक, आणि शेवटी किमान तीन बिशपांनी डोक्यावर हात ठेवून दिलेली दीक्षा. वेदनायगम सॅम्युअल अझरिया या वाटेला उशिरा लागले. जन्म १८७४चा, तिरुनेलवेलीकडचा; वडील गावचे पाळक. अझरियांनी मात्र आधी वायएमसीएचे सचिव म्हणून दक्षिण भारत पालथा घातला. पाळकाची दीक्षा घेतली ती पस्तिशीत, १९०९ साली, डोर्णकलच्या मिशनसाठी. घरची भाषा तमिळ, गावकऱ्यांची तेलुगू; तीही त्यांनी शिकून घेतली.

तीनच वर्षांनी ते बिशप झाले. हे घडलं कसं, ते नीट पाहायला हवं. ब्रिटिश हिंदुस्थानातली कलकत्ता, मद्रास, मुंबई ही बिशपपदं इंग्लंडच्या राजाच्या सनदेवर चालत, आणि गोऱ्या पाळकांवर हिंदी माणसाची हुकमत अनेकांना सहन होणारी नव्हती. डोर्णकल मात्र आपल्या मराठवाड्यासारखंच निजामाच्या राज्यात, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानाबाहेर होतं. मद्रासचे बिशप हेन्री व्हाइटहेड यांनी याच फटीतून वाट काढली: तिथे छोटा धर्मप्रांत करायचा आणि तो अझरियांकडे सोपवायचा. २९ डिसेंबर १९१२ रोजी कलकत्त्याच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये ते अँग्लिकन चर्चचे पहिले हिंदी बिशप झाले. पद दिलं ते हात राखूनच, असं मला वाटतं.

पण त्या पदाचं त्यांनी काय केलं, हे मोलाचं आहे. दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याला श्रद्धेत पक्कं करणं, आणि पाळकांना दीक्षा देणं ही बिशपाची खास कामं. त्यासाठी ते बैलगाडीने गावोगाव जात. मंडळी बहुतेक माला आणि मादिगा, गावकुसाबाहेरची. बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकाला ते स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवायला लावत आणि सुवार्ता सांगण्याची शपथ म्हणवून घेत. जो हात आजवर बिशपाचा असायचा, तो इथे शेतमजुराचा होता! डोर्णकलचं कॅथीड्रलही त्यांनी घुमट आणि मंडपासारखे खांब घालून देशी वळणाचं उभारलं. ते १९३९ साली पुरं झालं.

निरनिराळ्या पंथांचं एकच चर्च व्हावं यासाठी ते अखेरपर्यंत झटले. अडचण होती ती बिशपाशिवाय दीक्षा झालेल्या पाळकांची. तोड अशी निघाली की आहेत ते सगळे पाळक तसेच मान्य करायचे, आणि पुढची प्रत्येक दीक्षा बिशपाच्या हातून व्हायची. अझरिया १ जानेवारी १९४५ रोजी गेले. त्यांना हवं होतं ते एकत्रित चर्च, चर्च ऑफ साउथ इंडिया, २७ सप्टेंबर १९४७ रोजी स्थापन झालं.