मशेरी लावता का? – हे डॉक्टरांनी विचारायलाच हवे

आपल्या घरांत नशेचा विषय निघाला की पहिली आठवते ती दारू. ती हराम, तिचे नावही घरात नको, म्हणून आपण निश्चिंत असतो. पण त्याच घरातली दादी सकाळी मोरीवर बसून मशेरी लावते, सून लावते, आणि नव्याने आलेली नातसूनही हळूहळू लावू लागते. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची आणि कुटून बारीक करायची, की झाली मशेरी. निमित्त दात साफ करण्याचे असते. सकाळी एकदा लावणारी पुढे दिवसातून चार-पाच वेळा लावते. नाही मिळाली तर डोके दुखते, पोट साफ होत नाही, चिडचिड होते. आपण तिला सवय म्हणतो. वैद्यकशास्त्रात त्याचे नाव व्यसन आहे.

पोटात बाळ असते तेव्हा हा प्रश्न एकट्या बाईचा राहत नाही. मशेरी हिरड्यांवर लावली तरी तिच्यातले निकोटिन रक्तात उतरते, रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि बाळाला मिळणारा पुरवठा कमी होतो. डॉ. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकारी यांनी मुंबईत १,२१७ गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. तो २००४ साली प्रसिद्ध झाला. मशेरीसारखी बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या आयांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले आणि प्रसूती सुमारे सहा दिवस आधी झाली. १०५ ग्रॅम ऐकायला थोडे वाटतात. पण जे बाळ अडीच किलोच्या काठावर आहे, ते तेवढ्यानेच कमी वजनाच्या बाळांत जाते.

मग दवाखान्यात हे कळत का नाही? डॉक्टर किंवा नर्स घाईत विचारतात, "काही व्यसन आहे का?" बाई म्हणते, "नाही." ती खोटे बोलत नसते. मशेरी हे व्यसन आहे, असे तिला कुणी सांगितलेलेच नसते. शेजारी सासूबाई बसलेल्या असतील तर ठाऊक असूनही ती बोलणार नाही. आणि एखादीने धीर करून सांगितलेच, तर "शिकलेल्या दिसता, तरी असले काय करता?" हे ऐकावे लागते. पुढच्या तपासणीला ती एक तर येत नाही, नाही तर गप्प बसते.

म्हणूनच आम्हाला वाटते की, औषधांइतकेच विचारण्याचे शिक्षणही डॉक्टर, नर्स आणि आशाताईंना मिळाले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये तंबाखूसाठी आणि २०१४ मध्ये दारू व इतर अमली पदार्थांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. दोन्हींचे सांगणे एकच: प्रत्येक गरोदर स्त्रीला शक्य तितक्या लवकर आणि प्रत्येक तपासणीत विचारा. प्रशिक्षणात याच्या पाच पायऱ्या शिकवतात. विचारणे, स्पष्ट सल्ला देणे, सोडण्याची तयारी जोखणे, मदत करणे आणि पुढची भेट ठरवणे. विचारायचे तेही वस्तूचे नाव घेऊन: "मशेरी लावता का? दिवसातून किती वेळा? उठल्यावर किती वेळाने?" शक्यतो एकटीला आणि आवाजात दटावणी न आणता.

मशेरी एकदम सोडली तरी बाळाला धोका नाही, फायदाच आहे. त्रास होतो, पण काही दिवसांत तो ओसरतो. सर्वच व्यसनांचे तसे नसते, आणि अप्रशिक्षित डॉक्टरची चूक इथेच महागात पडते. दारूचे जुने व्यसन एकाएकी तोडले तर फिट येऊ शकते, म्हणून ते देखरेखीखालीच सोडवावे लागते. अफूवर्गातल्या अमली पदार्थांचे, उदाहरणार्थ ब्राउन शुगरचे, व्यसन असलेल्या गरोदर स्त्रीला "आजपासून बंद" असे सांगणे आई आणि बाळ दोघांनाही घातक ठरू शकते. तिला मेथॅडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन हे औषध देखरेखीखाली चालू ठेवणे, हा मान्य उपचार आहे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, एक नशा सोडवून दुसरी लावली. प्रशिक्षित डॉक्टरला ठाऊक असते की, यामुळे ती तपासणीला येत राहते, जेवते, झोपते आणि बाळ वाढते. अमेरिकेत अशी नियंत्रित औषधे लिहून देणाऱ्या डॉक्टरांना २०२३ पासून व्यसनोपचाराचे आठ तासांचे प्रशिक्षण बंधनकारक झाले. आपल्याकडे बंगळूरूच्या निम्हान्समध्ये आणि दिल्लीच्या एम्सच्या गाझियाबाद येथील केंद्रात असे शिक्षण मिळते. ते तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पोहोचले पाहिजे.

बाळंतपणानंतरचा काळ तर त्याहून दुर्लक्षित. चाळीस दिवस सगळ्यांचे लक्ष बाळाकडे असते. लस, वजन, कावीळ सगळे पाहिले जाते. आईला कुणी विचारत नाही. रात्रीची जागरणे, अशक्तपणा, मनाची उदासी, यांत नऊ महिने सोडलेली मशेरी पुन्हा हातात येते. निकोटिन दुधातूनही बाळाकडे जाते. पण म्हणून दूध तोडू नये. दूध चालू ठेवून मशेरी सोडवण्याचा प्रयत्न करावा. बाळाच्या लसीकरणाच्या दिवशीच आईलाही दोन प्रश्न विचारणे अवघड नाही.

घरातल्या वडीलधाऱ्यांनाही आमची विनंती आहे. सुनेला मशेरी सोडायला सांगायचे आणि तिच्यासमोरच डबी उघडायची, हे जमणारे नाही. ती सोडत असेल त्या दिवसांत घरात तंबाखू भाजू नका. तपासणीच्या वेळी तिला डॉक्टरांशी पाच मिनिटे एकटीने बोलू द्या. घरातल्या पुरुषांनी बिडी-सिगारेट तिच्या आणि बाळाच्या खोलीत ओढू नये. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात मोफत तपासणी असते. तिथे डॉक्टरांनी विचारले नाही, तर तिने स्वतःच सांगावे. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ आणि इतर व्यसनांसाठी १४४४६ या सरकारी क्रमांकांवर फोन केला तर पैसे पडत नाहीत.

सांगणाऱ्या बाईला लाज वाटू नये, याची जबाबदारी दवाखान्याची आहे, तशीच घराचीही आहे.