झाकणावर ई२० लिहिलं म्हणजे गाडी फ्लेक्स झाली?

नव्या गाडीच्या टाकीच्या झाकणावर 'ई२०' लिहिलेलं असतं. ते वाचून पुष्कळ जण धरून चालतात, की आपली गाडी फ्लेक्स-फ्युएलच आहे. आज वीस टक्के इथेनॉल चालतं, उद्या पंच्याऐंशीही चालेल. तसं नाही. ती गाडी वीस टक्क्यांपुरतीच घडवलेली असते. २०२४ च्या ऑक्टोबरात आपल्याकडे आलेली होंडाची सीबी३००एफ फ्लेक्स-फ्युएल ही मोटरसायकल मात्र ई८५ पर्यंत कुठलंही मिश्रण पचवते.

फरक कशात? एक किलो पेट्रोल पूर्ण जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलो पुरते. म्हणजे इंजिनात हवा तेवढीच आली तरी इथेनॉल जास्त सोडावं लागतं. साध्या गाडीचा संगणक ही वाढ ठरावीक मर्यादेपर्यंतच देतो. त्यापुढं इंधन कमी पडतं, गाडी झटके खाते, 'चेक इंजिन'चा दिवा लागतो. रबरी सील, पाइप, इंधनपंप यांनाही इतकं इथेनॉल सोसवेल असं नाही. 'सॉफ्टवेअर टाकून देतो, बिनधास्त भरा' असं सांगणारा मेकॅनिक भेटला, तर त्याला सीलचं काय ते विचारावं.

याउलट खऱ्या फ्लेक्स गाडीचे मालक उगाच जपून वागतात. आधीचं पेट्रोल संपू द्यायचं आणि मगच ई८५ भरायचं, असं त्यांना वाटतं. गरज नाही. टाकीत काय मिसळलंय ते गाडी स्वतः ओळखते. काही गाड्यांत इंधननळीतला सेन्सर ते सांगतो, काहींत धुरातल्या ऑक्सिजनवरून संगणक अंदाज बांधतो. इंधन बदललं की पंपावरून निघून लगेच गाडी बंद करू नये, चार-पाच किलोमीटर चालवावी, एवढंच. अंदाज जुळायला तेवढी संधी हवी.

इथेनॉलमुळे टाकीत पाणी साचेल ही भीती तर चक्क उलटी आहे. इथेनॉल पाणी शोषतं हे खरं. पण पाणी वेगळं होऊन तळाशी बसण्याचा धोका कमी इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये जास्त. इथेनॉलचं प्रमाण वाढलं, की ते बरंच पाणी स्वतःतच सामावून घेतं. ब्राझीलमध्ये पंपावरच्या इथेनॉलमध्ये थोडं पाणी मुळातच असतं!

थंडीची तक्रार मात्र खरी. शुद्ध इथेनॉलची वाफ गारठ्यात सहज होत नाही. निफाडसारख्या ठिकाणी डिसेंबरातल्या पहाटे त्यावर चालणारं इंजिन अडून बसेल. ई८५ मधलं उरलेलं पेट्रोल सकाळी गाडी सुरू व्हायला हात देतं. आपल्याकडचं 'ई१००' सुद्धा शंभर टक्के नाही, त्यात पाचेक टक्के पेट्रोल असतं. पुण्यात ५ जून २०२१ ला त्याचा प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला तो तीन पंपांवर; मार्च २०२४ मध्ये देशातल्या १८३ पंपांवर विक्रीची घोषणा झाली.

आता खिशाचा प्रश्न. 'इथेनॉलचं ऑक्टेन जास्त, म्हणजे ॲव्हरेज जास्त' हा समज सगळ्यात चिवट. ऑक्टेन म्हणजे इंधन अवेळी पेट न घेता किती दाब सोसतं त्याचं माप. त्याचा फायदा घ्यायचा तर इंजिन तसं बांधलेलं हवं. ऊर्जेचं माप वेगळं. लिटरभर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा, इथेनॉलमध्ये २१. त्या हिशेबानं ई८५ वर गाडी शुद्ध पेट्रोलच्या साधारण ७० टक्के अंतर जाईल. पण आपण आज भरतो ते पेट्रोलही ई२० च असतं, त्याच्याशी तुलना केली तर ७५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पंपावर पेट्रोल १०० रुपये असेल, तर ई८५ चा भाव पंच्याहत्तरच्या खाली आल्याशिवाय पैसे वाचत नाहीत. ८५ रुपयांचा फलक पाहून हुरळून जाणारा घरी तोटाच नेतो.

ब्राझीलच्या माणसाला हे गणित पाठ आहे. तिथं २००३ मध्ये फोक्सवॅगनची 'गोल' ही पहिली फ्लेक्स गाडी आली, आणि पंपावरचे दोन भाव बघून इथेनॉल पेट्रोलच्या ७० टक्क्यांच्या आत आहे का, असा हिशेब करायची सवय पडली. साखरेला भाव आला की कारखाने साखरेकडे वळतात, इथेनॉल महागतं, आणि परवापर्यंत इथेनॉल भरणारा तोच माणूस निमूट पेट्रोलची नळी उचलतो.