साठ सेंटिमीटर उंचीत साडेचार फेऱ्या

मार्च 2024 मध्ये मॉन्ट्रियलच्या बेल सेंटरमध्ये जागतिक फिगर स्केटिंग अजिंक्यपद स्पर्धा झाली. पुरुष गटात शॉर्ट प्रोग्रॅम संपला तेव्हा अमेरिकेचा इलिया मालिनिन तिसरा होता. पुढे दोन जपानी खेळाडू होते: आधीची सलग दोन वर्षं विजेता ठरलेला शोमा उनो आणि युमा कागियामा. मग फ्री स्केट झालं आणि 19 वर्षांच्या मालिनिनने चार मिनिटांत सहा क्वाड, म्हणजे किमान चार फेऱ्यांच्या उड्या, मारले. त्यातला पहिलाच होता क्वाड ॲक्सेल, म्हणजे साडेचार फेऱ्या. फ्री स्केटचे 227.79 गुण हा तेव्हाचा जागतिक विक्रम ठरला. एकूण गुण 333.76. कागियामा 309.65 वर थांबला आणि उनो चौथ्या क्रमांकावर घसरला. पुढच्या वर्षी बॉस्टनमध्ये मालिनिनने पुन्हा जेतेपद मिळवलं, तेही 31.09 गुणांच्या फरकाने.

असा निकाल लागला की 'गुरुत्वाकर्षणाला हरवणारी उडी' ही बिरुदावली हमखास वाचायला मिळते. ती ऐकायला छान वाटते, पण खऱ्या करामतीवर अन्याय करते. क्वाड मारणारे पुरुष स्केटर साधारण 0.7 सेकंद हवेत असतात. शाळेतलं सूत्र लावलं तर शरीराचा गुरुत्वमध्य तेवढ्या वेळात उचलला जातो जेमतेम 60 सेंटिमीटर. व्हॉलीबॉलचा चांगला खेळाडू स्मॅश मारताना याहून उंच जातो. गुरुत्वाकर्षण आपलं काम चोख करत असतं, कुणालाही सूट न देता.

मग आणखी उंच उडी मारून जास्त वेळ का मिळवू नये? कारण हा सौदा फार महागात पडतो. हवेतला वेळ 0.7 वरून 0.8 सेकंदांवर न्यायचा तर उंची 60 वरून 78 सेंटिमीटर करावी लागेल. एक दशांश सेकंदासाठी तब्बल 18 सेंटिमीटर, आणि तेही घसरत्या पात्याच्या एका कडेवरून झेप घेऊन!

अमेरिकी जीवयांत्रिकीतज्ज्ञ डेबोरा किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994 मध्येच फेऱ्या कशा वाढतात याचं मोजमापांसकट उत्तर दिलं होतं. सिंगल, डबल आणि ट्रिपल ॲक्सेल मारणाऱ्या पुरुष स्केटरांचं चित्रीकरण करून त्यांनी उड्या ताडून पाहिल्या. फेऱ्या वाढल्या तरी उंची फारशी वाढत नव्हती, वाढत होता तो फिरण्याचा वेग. पुढे 2002 च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमधल्या क्वाड उड्यांचाही त्यांनी अभ्यास केला. पदकविजेत्यांची नावं घरोघरी पोचतात, पण त्यांच्या उड्यांचं मर्म ज्यांनी उकललं त्या बाईंचं नाव मात्र फारसं कुणाच्या कानावर गेलेलं नसतं. याची खरोखर खंत वाटते.

वेग येतो कुठून? हात जवळ घेतले की गिरकी वाढते, हे कोनीय संवेगाच्या धड्यात सगळे शिकतात. पण त्या धड्यात एक गोष्ट निसटून जाते. समजा शरीर आवळल्याने जडत्व आघूर्ण, म्हणजे फिरण्याला होणारा विरोध, एक तृतीयांश झाला. कोनीय संवेग तेवढाच राहणार, म्हणून फिरण्याचा वेग तिप्पट होईल. गतिज ऊर्जेचं गणित मांडलं तर तीही तिप्पट झालेली दिसते! ही जादाची ऊर्जा येते स्केटरच्या स्नायूंतून. हात छातीशी घेणं ही नुसती नृत्यातली अदा नसते, ते कष्टाचं काम असतं.

किती कष्टाचं, तेही मोजता येतं. साडेचार फेऱ्यांतला काही भाग पातं बर्फावर असतानाच होऊन जातो. उरलेल्या चारेक फेऱ्या 0.7 सेकंदात, म्हणजे सेकंदाला सरासरी 5.7 फेऱ्या. हाताचा पंजा शरीराच्या अक्षापासून 15 सेंटिमीटरवर असेल तर त्याच्या वजनाच्या सुमारे वीस पट बल लावल्याशिवाय तो तिथे टिकत नाही. 400 ग्रॅमचा पंजा आठ किलोच्या ओझ्यासारखा बाहेर ओढ घेतो. त्यात कोपर किंचित सुटलं, पायांची अढी सैल पडली, की वेग उतरलाच. डेलावेअर विद्यापीठाचे जिम रिचर्ड्स स्केटरांच्या अंगावर खुणा चिकटवून अनेक कॅमेऱ्यांनी त्यांच्या उड्या टिपत. मग संगणकातल्या त्याच उडीत हात थोडे आत सरकवून दाखवत, म्हणजे अडलेली फेरी पूर्ण कशी होते हे खेळाडूला डोळ्यांनी दिसे. नवी ताकद कमावण्याआधी आहे ती उडी नीट आवळायला शिकवणारं हे काम क्रीडाविज्ञानातलं फार सुंदर काम आहे.

ॲक्सेलची गोष्ट सुरू होते 1882 मध्ये, व्हिएन्नात. नॉर्वेचा ॲक्सेल पॉलसेन हा खरं तर वेगाच्या शर्यतींतला स्केटर. तोंड पुढे ठेवून झेप घ्यायची आणि पाठमोरं उतरायचं, अशी दीड फेरीची उडी त्याने मारून दाखवली. ती अर्धी फेरी तेव्हापासून या उडीला चिकटली आहे. अडीच फेऱ्यांसाठी 66 वर्षं लागली, 1948 च्या ऑलिंपिकमध्ये डिक बटनने त्या पूर्ण केल्या. साडेतीन फेऱ्या 1978 च्या जागतिक स्पर्धेत कॅनडाच्या व्हर्न टेलरने मारल्या. साडेचारसाठी मात्र पुन्हा 44 वर्षं थांबावं लागलं. फेब्रुवारी 2022 मध्ये बीजिंग ऑलिंपिकमध्ये युझुरू हान्यूने ती उडी घेतली, पण फेरी अपुरी पडली आणि तो कोसळला. त्याच वर्षी सप्टेंबरात लेक प्लॅसिडला मालिनिनने ती स्पर्धेत पहिल्यांदा पूर्ण केली.

फेरी अपुरी पडली, हे ठरवायचं कसं? पाव फेरीहून जास्त, पण अर्ध्या फेरीहून कमी कमतरता राहिली तर मूळ गुणांचा पाचवा हिस्सा कापला जातो. ऐन वेगात पाव फेरीला लागतात जेमतेम 0.044 सेकंद, म्हणजे साधारण सेकंदाला 25 चित्रं टिपणाऱ्या कॅमेऱ्यातल्या एका चित्रापासून पुढच्या चित्रापर्यंतचा वेळ. उतरताना हात उघडतात, वेग मंदावतो, तरीही पात्याचा नेमका कोन ठरवणं फार जिकिरीचं आहे. असे निवाडे एखाद्याच कोनातल्या चित्रीकरणावर सोपवणं खेळाडूंवर अन्याय करणारं आहे.

गुणांचा तक्ताही या भौतिकशास्त्राला पुरेसा न्याय देत नव्हता. मॉन्ट्रियलच्या वेळी चार फेऱ्यांच्या क्वाड लुट्झचे मूळ गुण 11.5 होते आणि क्वाड ॲक्सेलचे 12.5. ज्या अर्ध्या फेरीने हान्यूसारख्या दोन वेळच्या ऑलिंपिक विजेत्याला पाडलं, तिची किंमत अवघा एक गुण!

मॉन्ट्रियलच्या त्याच स्पर्धेत फ्रान्सचा ॲडम सियाओ हिम फा शॉर्ट प्रोग्रॅमनंतर 19 वा होता. फ्री स्केटमध्ये झेपावत तो थेट तिसरा आला, आणि त्यात त्याने तेव्हा बंदी असलेली बॅकफ्लिप, म्हणजे मागच्या बाजूची कोलांटउडीही मारली. ती दिसायला अंगावर काटा आणते, पण फिरकी म्हणाल तर आडव्या अक्षाभोवती एकच. त्या उडीपायी त्याचे दोन गुण वजा झाले, तरी कांस्यपदक त्याच्याकडेच राहिलं. तीन महिन्यांनी, जून 2024 मध्ये, आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने बॅकफ्लिपवरची बंदी उठवली.