तिकिटावरचे सव्वादोन तास जातात कुठे?

मागच्या भागानंतर एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. त्याची धाकटी बहीण सप्टेंबरात शिकायला लंडनला चाललीये. मुंबई–दिल्ली एक तिकीट, दिल्ली–लंडन दुसरं, दोन्ही वेगवेगळी काढलेली. मध्ये अडीच तास. त्याचं म्हणणं, "दादा, अंतर साडेअकराशे किलोमीटर. विमान ताशी साडेआठशेनं जातं. म्हणजे दीड तासाच्या आतच पोचेल, उरलेला वेळ बोनस!"

नाही रे बाबा.

ॲपवर दिसतं ते अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोलावर दोन विमानतळांमधली सगळ्यात जवळची रेघ. विमान नेमकं त्या रेघेवरून जात नाही. वारा बघून उड्डाण, मग वळण, ठरलेले हवाई मार्ग. शिवाय दहा हजार फुटांच्या खाली साधारण ताशी ४६० किलोमीटरची मर्यादा असते. आणि मुख्य म्हणजे, तिकिटावरची वेळ गेट सोडल्यापासून गेट गाठेपर्यंतची. मुंबईचे दोन रनवे एकमेकांना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येतो. रांगेत उभं राहणं आलंच. ते सव्वादोन तास असे भरतात, त्यात बोनस फारसा नसतो.

लांबच्या प्रवासात तर वाराच राजा. साधारण दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. २०१६ मध्ये एअर इंडियानं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर सुमारे १४०० किलोमीटरनं वाढलं, तरी वारा पाठीशी असल्यानं वेळ वाचला! (मला हे उदाहरण फार आवडतं.) लंडनला जाताना मात्र हाच वारा तोंडावर, म्हणून जायला वेळ जास्त, यायला कमी. आणि हो, तिकिटावर त्या त्या गावची वेळ छापतात. सप्टेंबरात लंडन आपल्या साडेचार तास मागे असतं, तेव्हा नुसती वजाबाकी करू नका.

आता ताईचं बघू. अडीच तासांतला शेवटचा एक तास सोडूनच द्या, कारण आंतरराष्ट्रीय काउंटर साधारण तेवढा आधी बंद होतो. उरला दीड तास. त्यात उतरायचं, पट्ट्यावरून बॅगा घ्यायच्या, विमान टर्मिनल १ ला लागलं तर टर्मिनल ३ गाठायचं आणि परत रांग. सप्टेंबरात मुंबईत पाऊस असतो. पहिलं विमान पाऊण तास लेट झालं की संपलं. तिकिटं वेगळी असल्यामुळे दुसरी कंपनी सहसा म्हणणार, तुमचं तुम्ही बघा. एकाच पीएनआरवर असतं तर पुढच्या विमानाची सोय त्यांनाच करावी लागली असती.

तेव्हा मित्रा, मुंबई–दिल्लीचं तिकीट बदल. सकाळचं घे, जमलं तर आदल्या संध्याकाळचं. बदलायचे पैसे लागतील, पण ऐनवेळी काढलेल्या लंडनच्या तिकिटापुढे ते काहीच नाहीत. बदललंस की मेसेज टाक.