शोधनिबंधांचे माप : आर्विद कार्लसन यांच्या कार्याचा परामर्श

संशोधकाच्या कार्याचे मूल्य ठरविण्याचे एक सोपे साधन म्हणजे त्याच्या निबंधांची आणि इतरांनी त्यांच्या दिलेल्या निर्देशांची मोजदाद. १९६४ पासून यूजीन गारफील्ड यांची विज्ञान-निर्देशसूची नियमित प्रसिद्ध होऊ लागली. २००५ मध्ये होर्हे हर्श यांनी ‘एच’ निर्देशांक सुचविला. ही साधने उपयुक्त आहेत. तथापि त्यांच्या मर्यादा कोणत्या, हे समजण्यासाठी स्वीडनचे चेता-औषधशास्त्रज्ञ आर्विद कार्लसन (१९२३–२०१८) यांचे उदाहरण उद्बोधक आहे.

या कथेचे मूळ भारतीय वनस्पतीत, सर्पगंधेत आहे. तिच्या मुळीचा रक्तदाबावर व मनोविकारांवर होणारा परिणाम १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी नोंदविला. १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरील आपले अनुभव ब्रिटिश हृदयरोग-नियतकालिकात प्रसिद्ध केले आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या औषधीकडे वेधले गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातील रिसर्पीन हे द्रव्य वेगळे केले. रिसर्पीन दिलेला प्राणी सुस्त व निश्चल होतो. असे का व्हावे, हा प्रश्न कार्लसन यांनी हाती घेतला.

त्याचे उत्तर १९५७ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकातील एका लहानशा टिपणात आले. रिसर्पीनने मेंदूतील नॉरअॅड्रिनॅलिनचा साठा रिता होतो, हे तोवर कळले होते. कार्लसन, लिंडक्विस्ट व मॅग्नुसन यांनी अशा निश्चल प्राण्यांना डोपा टोचले, तेव्हा ते थोड्याच वेळात हालचाल करू लागले. सेरोटोनिनच्या पूर्वद्रव्याने मात्र हा परिणाम साधला नाही. आश्चर्य असे, की प्राणी पूर्ववत झाले तरी त्यांच्या मेंदूतील नॉरअॅड्रिनॅलिन भरून आले नव्हते. अर्थात चेतना देणारे द्रव्य दुसरेच असले पाहिजे. १९५८ मध्ये ‘सायन्स’मध्ये त्यांनी दाखविले, की ते द्रव्य डोपामीन होय. ते मेंदूत स्वभावतःच असते, रिसर्पीनने नाहीसे होते आणि डोपाने परत येते. डोपामीनचे मेंदूतील अस्तित्व कॅथलीन मॉन्टेग्यू यांनी १९५७ मध्येच नोंदविले होते, हेही येथे सांगितले पाहिजे. कार्लसन यांचे वैशिष्ट्य असे, की त्यांनी त्या द्रव्याला कार्य दिले.

या निष्कर्षाचे स्वागत मात्र झाले नाही. १९६० मध्ये लंडन येथे भरलेल्या परिसंवादात हेन्री डेल यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञांनी त्याविषयी गंभीर शंका व्यक्त केल्या. त्या दिवशी कोणी निर्देशांची मोजणी केली असती, तर कार्लसन यांच्या पदरी अल्पच गुण पडले असते. त्याच वर्षी व्हिएन्नातील एरिंगर व हॉर्निकिएविच यांनी कंपवाताने मृत्यू पावलेल्यांच्या मेंदूत डोपामीनची मोठी तूट आढळल्याचे जाहीर केले. १९६१ मध्ये बिर्कमायर व हॉर्निकिएविच यांनी रुग्णांना एल-डोपा टोचून पाहिले आणि १९६७ मध्ये कोट्झियास यांनी मोठ्या मात्रांची तोंडी योजना यशस्वी केली. पलंगास खिळलेले लोक चालू लागले, हाच त्या टिपणावरील सर्वांत बोलका अभिप्राय होता.

१९६३ मध्ये कार्लसन व लिंडक्विस्ट यांनी क्लोरप्रोमझीन व हॅलोपेरिडॉल ही मनोविकारांवरील औषधे मेंदूतील ग्राहीकेंद्रे अडवितात, अशी उपपत्ती मांडली. पुढे तिच्यातून विक्षिप्ततेविषयीचा डोपामीन-सिद्धांत उदयास आला. त्यांच्या झिमेलिडीन या विषादनाशक औषधाची कथा वेगळी आहे. ते १९८२ मध्ये स्वीडनमध्ये विक्रीस आले आणि चेताविकाराचे गंभीर उपद्रव आढळल्याने १९८३ मध्ये मागे घ्यावे लागले. तथापि निवडकपणे सेरोटोनिनवर कार्य करणाऱ्या औषधांचा मार्ग त्याने दाखवून दिला. निबंधसूचीत अशा अपयशाचे मोल दिसत नाही.

२००० मध्ये कार्लसन यांना पॉल ग्रीनगार्ड व एरिक कँडेल यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. हॉर्निकिएविच वगळले गेल्याबद्दल दोनशेहून अधिक तज्ज्ञांनी जाहीर पत्राने खेद व्यक्त केला. यावरून एवढेच दिसते, की पारितोषिक हेही अंतिम माप नव्हे.

निर्देशांची संख्या कार्याची व्याप्ती सांगते. त्याची खोली सांगत नाही, आणि नवे सत्य ज्या काळात एकाकी असते त्या काळी ती मौनच पाळते. म्हणून संशोधकाची परीक्षा करणाऱ्याने सूची अवश्य पाहावी. परंतु तिच्यातील एखादे पानभर टिपण स्वतः वाचल्याखेरीज निर्णय देऊ नये.